अक्षताचं गटिंग

शनिवार, ३ जानेवारी

आधी एक दुरुस्ती. डिसेंबरात अक्षता दुसऱ्यांदा राष्ट्रीय विजेती झाली त्या दिवशी मी इथे लिहिलं आहे की, दहिसरच्या चाळीतल्या या मुलीला अण्णांनी शोधून काढलं. हे चूक आहे. अण्णा म्हणजे माझे वडील. बोरिवलीत मंडळाची लाल मातीची दोन कोर्टं आहेत, तिथे ते टेनिस शिकवतात. अक्षता परब हा अण्णांचा शोध, असं सगळे म्हणतात, पेपरातही तसंच छापून येतं, म्हणून मीही चौकशी न करता लिहून टाकलं.

आज आई मटार सोलताना म्हणाली, "अण्णांनी कुठली शोधली? तूच हाताला धरून आणलीस की तिला."

मग आठवलं. तिची आई, वनमालामावशी, मंडळाच्या कँटीनमध्ये पोळ्या करायची. पोरगी मागच्या भिंतीवर चेंडू मारत असायची. हातात बॅडमिंटनची रॅकेट, तारा तुटलेल्या, त्यांच्या जागी दुधाची पिशवी ताणून बांधलेली. मी नऊ वर्षांची, ती सहा. चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नव्हते. सकाळी अण्णा कोर्टावर शिकवायचे, दुपारी आई घरात, अशी माझी शाळा. त्यामुळे मैत्रिणी कशा करतात ते मला माहीत नव्हतं. भिंतीशी खेळतेस त्यापेक्षा माझ्याशी खेळ, म्हणून मी तिला आत आणली.

म्हणजे हे सगळं मी माझ्या हाताने केलं. चूक दुरुस्त केली की मला नेहमी बरं वाटतं. आज वाटलं नाही.

शुक्रवार, ९ जानेवारी

घरी बातमीदार आला होता. अक्षता आणि अण्णा सोफ्यावर, मध्ये चषक. मी चहा घेऊन गेले तेव्हा बातमीदार विचारत होता,

"अण्णा, ही तुम्हाला कोणासारखी?"

"कोणासारखी काय? मुलगीच आहे माझी."

मी कप ठेवत होते. बातमीदार म्हणाला, "मॅडम, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय."

मी बाजूला झाले. अक्षता म्हणाली, "अहो, तिला पण घ्या ना. माझं गटिंग तीच करते." रॅकेटच्या तारा ओढून बसवण्याला आमच्यात गटिंग म्हणतात. बातमीदाराने वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. माझ्यावर दया करण्याची तिला गरज नव्हती.

एक गोष्ट मी बरेच दिवस बघते आहे, आज लिहून ठेवते. अण्णांशी बोलायच्या आधी ती त्यांच्या कोपराला हात लावते, मग अगदी समोर येऊन बोलते. काय ही लाडीगोडी! आणि अण्णा लगेच "हां, बोल बेटा." मी स्वयंपाकघरातून तीन हाका मारल्या की चौथीला "काय गं, कटकट" करतात. आज संध्याकाळी तर मी अगदी मागे उभी राहून जेवायला बोलावलं. वळूनसुद्धा बघितलं नाही. टीव्ही मात्र इतका मोठा लावला होता की खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. वनमालामावशी तिळगूळ घेऊन आल्या. आता त्या पोळ्या करत नाहीत. अक्षताने चेकनाक्याजवळ टॉवरमध्ये घर घेतलं आहे, तिथे त्यांना दिवसभर करमत नाही. माझा हात हातात घेऊन त्यांच्या मालवणीत म्हणाल्या, "गो बाय, तुज्या बापाशीचो सगळो येळ आमच्या चेडवान, अक्षतान, खाल्ल्यान. तुका राग नाय येणा?"

मी म्हटलं, "छे हो मावशी."

हे खोटं होतं, म्हणून इथे लिहिते: येतो.

"घराक इला की तुजाच पुराण. ताईन असा केल्यान, ताई तसा म्हणाली. मी सांगतंय, मगे तिच्याचकडे जाऊन ऱ्हव!"

अक्षता आईसमोर असं बोलत असेलही. लोकांना कसं जिंकायचं ते तिला येतं. सर्व्हिसच्या आधी चेंडू डाव्या मांडीवर पुसायची माझी सवय होती, तीही तिने उचलली. आता टीव्हीवर समालोचक तिला "अक्षताची खास लकब" म्हणतात.

शुक्रवार, १६ जानेवारी

उद्या ती आणि अण्णा बंगळुरूला निघणार. आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे. जिंकली तर जागतिक क्रमवारीत पहिल्या तीनशेत येईल. दुपारी गॅलरीत बसून तिच्या चारही रॅकेट विणल्या. मंडळात खेळणाऱ्या शुभाकाकूंची एक आधीच गटिंगच्या यंत्रावर होती, ती उतरवून ठेवली. तारांचा ताण पाउंडांत मोजतात, तेवढं सांगायला अण्णा मध्येच डोकावून गेले. "छप्पन्न. एक पाउंड इकडेतिकडे नको. तार सैल म्हणजे मन सैल."

"माहितीये," मी म्हटलं.

"काय?"

"माहितीये!"

"ओरडतेस कशाला?"

मला रडू येत होतं. मी सतरा वर्षांची असताना जिल्ह्याच्या स्पर्धेत आमच्या दोघींचा सामना झाला. सुरुवातीच्या फेऱ्यांना पंच नसतो, आपल्या बाजूचा चेंडू आपण बघायचा. शेवटच्या गुणाला तिचा चेंडू रेषेजवळ पडला, मातीवरचा वण मला नीट दिसला नाही. शंका असेल तर चेंडू आत, हे अण्णांनी मला अ-आ-इच्या आधी शिकवलं आहे. मी आत म्हटलं आणि हरले. दुसऱ्या दिवसापासून अण्णांची सकाळ तिची झाली. मी बी.कॉम. केलं आणि गटिंग शिकले.

सोमवार, १९ जानेवारी

भयंकर झालं आहे.

शुभाकाकू दुसरी रॅकेट घेऊन आल्या. यंत्र सुरू केलं तर आकडा अठ्ठेचाळीस. मी शुक्रवारी बदललाच नाही. शुभाकाकू साठीच्या आहेत, खांदा दुखतो म्हणून त्यांना अठ्ठेचाळीस लागतं. राष्ट्रीय विजेतीच्या चारही रॅकेट मी निवृत्त बँक मॅनेजर बाईंच्या मापाने विणून पाठवल्या आहेत. सैल तारेवरून चेंडू उसळून लांब जातो. छप्पन्नाची सवय असलेल्या हाताचे सगळे फटके रेषेबाहेर पडतील.

उद्या तिचा पहिला सामना. फोन करायला हवा. तिथे गटिंगवाला असतो, दोन रॅकेट सहज होतील. दुपारी अण्णांना फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला नाही, मेसेजही केला नाही. का, ते मला स्वतःला विचारायचं आहे.

मी विसरले हे खरं. पण मला रोज यंत्र पुसून आकडा बघायची सवय आहे. एकदाही विसरले नव्हते. त्या दिवशी रागात होते. रागाने हाताला सांगितलं का, आणि मला कळू दिलं नाही? असं होऊ शकतं का? आईला विचारलं.

आई म्हणाली, "गंधाली, माणूस विसरतो. प्रत्येक गोष्टीचा पंचनामा करू नये."

पण मी फोन केलेला नाही हेही खरं आहे. हे विसरणं नव्हे.

मंगळवार, २० जानेवारी

सकाळी उठून पहिल्यांदा अक्षतालाच मेसेज केला. "तारा तपासून घे, माझ्याकडून चूक झाली आहे." तिने फक्त अंगठा पाठवला.

जिंकली. ६-२, ६-१.

रविवार, २५ जानेवारी

अंतिम सामना जिंकली. खाली मंडळाच्या पोरांनी फटाके लावले.

फोनवर बघत होते. इतके खोल फटके तिने आयुष्यात मारले नव्हते. रेषेच्या आत, पण अगदी शेवटच्या वीतभर जागेत. समालोचक म्हणाला, "प्रशिक्षकांनी काहीतरी वेगळी तयारी करून घेतलेली दिसते." कॅमेरा अण्णांवर गेला. अण्णा हसत होते, पण प्रेक्षक टाळ्या वाजवायचे थांबल्यावरही एकटेच वाजवत होते. किती भान हरपलं होतं त्यांचं. माझ्या एकाही सामन्यात त्यांनी अशा टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

माझी चूकसुद्धा तिच्याच नावावर जमा झाली. हे वाक्य लिहिलं, मग खोडावंसं वाटलं. राहू दे.

बुधवार, २८ जानेवारी

अक्षता गॅलरीत आली, यंत्राशेजारी मांडी घालून बसली, आणि आईने दिलेला चिवडा खात म्हणाली, "पहिल्याच चेंडूला कळलं गं. सरावात. खांबासारखा आवाज यायचा तो मडक्यासारखा आला. म्हटलं, ताईने काहीतरी केलंय."

"मी मुद्दाम नाही केलं."

"मुद्दाम केलं असतंस तरी चाललं असतं. तिथल्या गटिंगवाल्याने मीटर लावून सांगितलं, अठ्ठेचाळीस. मी म्हटलं, पुढची पण तेवढ्यावरच कर. कोपर आठवडाभर दुखलं नाही, माहितीये? एकदापण नाही. सहा महिने गोळ्या खाऊन खेळतेय."

"सहा महिने? अण्णांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं ना. म्हणाले, मन घट्ट कर." तिने चिवड्यातले शेंगदाणे माझ्याकडे सरकवले. तिला ते आवडत नाहीत, मला आवडतात. "तुझा आकडा कुठून आला पण?"

"शुभाकाकूंचा."

ती इतकी हसली की ठसका लागला. "म्हणजे मी शुभाकाकूंच्या रॅकेटने चॅम्पियन झाले! झकास. आता तेच ठेव. अण्णांना सांगू नकोस, वाट लावतील तुझी."

मी हो म्हटलं. अण्णांपासून लपवायची गोष्ट माझ्याकडे कधीच नव्हती. आता आहे, आणि तीही हिच्याबरोबर वाटून घेतलेली.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

गटिंग झालं की रॅकेटच्या गळ्यावर मी चिकटपट्टी लावते, तीवर आकडा. अठ्ठेचाळीस लिहिता येत नाही, छप्पन्न लिहिणं खोटं होईल. म्हणून पट्टीच लावली नाही.

"पट्टी कुठाय?" अण्णा.

"संपली."

संपलेली नाही. कपाटात दोन रिळं आहेत.

अण्णांनी रॅकेट तळहातावर आपटली, कानाशी नेली. पूर्वी ते नुसत्या आवाजावरून पाउंड सांगायचे, पोरं पैजा लावायची. अण्णा म्हणाले, "अगदी छप्पन्न. शाब्बास."

मला ते "शाब्बास" इतकं हवं होतं की मी ते घेतलं.

रविवार, १५ फेब्रुवारी

मोठी बातमी. स्पेनमधल्या एका अकादमीने अक्षताला मातीवरच्या सगळ्या हंगामासाठी बोलावलं आहे, एप्रिल ते जुलै. तिचा प्रायोजक तिच्यासोबत एका माणसाचा सगळा भार उचलणार. एकाच. तेरा मार्चपर्यंत नाव कळवायचं, म्हणजे व्हिसाचं सुरू होईल.

नाव काय विचारायचं? अण्णांनी पासपोर्ट काढून देवापुढे ठेवला. आई म्हणाली, "देवाला कुठे न्यायचाय?"

शनिवार, २१ फेब्रुवारी

अण्णांनी जाकीट आणलं. निळं, टोपीवालं. घरात घालून फिरतात, घाम येतो, तरी काढत नाहीत. मोबाइलवर स्पॅनिश शिकतात. बाई म्हणते "ग्रासियास", अण्णा म्हणतात "ग्रासिया", बाई पुन्हा म्हणते, अण्णा पुन्हा तसंच. शेवटचा "स" त्यांना येतच नाही. फोन पूर्ण मोठा करून.

चाळीस वर्षांपूर्वी बँकेच्या संघातून परदेशात खेळायची त्यांची संधी थोडक्यात हुकली होती. ते कधी बोलत नाहीत, आईने सांगितलं आहे. ती संधी त्यांना अक्षतामुळे परत मिळते आहे. माझ्यामुळे मिळायला हवी होती.

शनिवार, २८ फेब्रुवारी

आज कोर्टावर अण्णांनी मला बाजूला घेतलं. किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला.

"मी नसताना तू बघ. लहान बॅच तुझी. तुझ्या पद्धतीने शिकव. मी आलो तरी ती बॅच तुझीच राहील. मंडळाशी बोललोय."

आठ वर्षं मी याची वाट पाहिली. किल्ल्या गरम होत्या, त्यांच्या खिशातल्या.

मी म्हटलं, "अण्णा, मला जमेल ना?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. पलीकडे अक्षता सर्व्हिस करत होती, तिकडेच बघत राहिले. एवढ्या क्षणालासुद्धा ती मध्ये होतीच.

बुधवार, ४ मार्च

हे सविस्तर लिहायला हवं, नाहीतर उद्या मी त्यात माझ्या सोयीचे बदल करीन.

अक्षताने मला तिच्या घरी बोलावलं. वनमालामावशींनी घावणे केले आणि "बोला तुमी" म्हणून शेजारी गेल्या. अक्षता म्हणाली, "ताई, स्पेनला तू चल."

"आणि अण्णा?"

"एकच माणूस."

"अगं, त्यांनी जाकीट आणलंय."

"मला माहितीये. मला फोटो पाठवला." तिने तोंडावरून हात फिरवला. "मी नाही नेऊ शकत त्यांना. का ते मी नाही सांगणार. पण नाही नेऊ शकत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्यांनी स्वतःच्या मुलीची सकाळ काढून हिला दिली, ते आता हिला जड झाले. मी म्हटलं, "तुला गटिंगवाली हवीये. तिथे महाग पडत असेल."

"हो, गटिंगवाली हवीये. अठ्ठेचाळीसवाली. आणि सामन्यानंतर मी काय घाण खेळले ते तोंडावर सांगणारी हवीये. दोन वर्षं मी प्रत्येक सामन्यानंतर फोन कोणाला करते? अण्णांना?"

मला करते. मी समजत होते, अण्णा दमलेले असतात म्हणून.

"तू सांगितलंस, बॅकहँडला पाय उशिरा वळतो. कोणी सांगितलं होतं आधी? तू सांगितलंस, दुसरी सर्व्हिस टाकताना मी श्वास धरते. ताई, तू मला शिकवतेस आणि तुलाच माहीत नाही, यार. काय बोलायचं तुला?"

"मी तुझी ताई नाही."

हे मी बोलले. शब्द जसेच्या तसे.

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "माहितीये. तुला घरात शिकवलं. आई एका बाजूला, अण्णा एका बाजूला. मी रोज तुमच्या दारात चपला काढायचे ना, तेव्हा आतून तुझी आई तुला कविता पाठ करून घेत असायची. मी मुद्दाम हळू चपला काढायचे."

मी ताटल्या उचलून एकात एक ठेवल्या.

"अण्णांना तूच सांग," ती म्हणाली. "माझ्या तोंडून ऐकलं तर ते मला कधी माफ नाही करणार."

"आणि माझ्या तोंडून ऐकलं तर मला करतील?"

"तू मुलगी आहेस त्यांची. मुलीला माफ करावंच लागतं. मला पेपरातच मुलगी म्हणतात."

शुक्रवार, ६ मार्च

दोन दिवस स्वतःला तपासते आहे. अक्षताने "तू चल" म्हटलं, त्या क्षणी रागाच्याही आधी काहीतरी गोड वाटलं होतं. मी शोधलं ते काय होतं. अण्णांची जागा मला मिळाली, हे ते होतं. त्यांनी मला बाजूला ठेवलं, आता ते बाजूला. मला माझीच शिसारी आली.

अशा कारणासाठी जाणं बरोबर नाही. मग न जाणं बरोबर का? न गेले तर कोर्ट माझं, बॅच माझी, अण्णा खूश, अक्षताचं कोपर छप्पन्नावर परत. यातही माझाच फायदा. कुठूनही पाहिलं तरी मी स्वच्छ निघत नाही.

अण्णा आज जाकिटाच्या खिशांत काय काय ठेवायचं ते ठरवत होते.

रविवार, ८ मार्च

आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, थांबली नाही.

"अक्षताने का ते सांगितलं नाही?"

"नाही."

"शहाणी आहे. तुला खरंच कळलं नाही गं? त्यांना ऐकू येत नाही. दीड वर्ष झालं. बंगळुरूला विमानतळावर गेट बदललेलं सांगितलं, सगळे उठून गेले, हे एकटेच जुन्या गेटवर बसून राहिले. त्या पोरीने धावत जाऊन आणलं. मला तिनेच सांगितलं, आणि मी सांगितल्याचं अण्णांना कळू देऊ नका म्हणाली."



हाका. टीव्ही. ग्रासिया. टाळ्या. किल्ल्या दिल्या तेव्हा मी विचारलेलं. मी या पानांवर जे जे दुर्लक्ष म्हणून मांडलं, त्यातलं निम्मं अण्णांना ऐकूच गेलं नव्हतं. आणि अक्षता कोपराला हात लावत होती. घरची मुलगी मी, आणि कळलं तिला. याचाही हेवा वाटला. एवढं समजल्यावरही.

आईला म्हटलं, "माझं मन स्वच्छ झाल्याशिवाय मी काही ठरवणार नाही."

आईने मेथीची जुडी खाली ठेवली. "मग म्हातारी होशील. तुला चार वर्षं घरात शिकवलं ते काय मी स्वच्छ मनाने? लोकांना सांगायचे, सरावासाठी. खरं म्हणजे सकाळ झाली की हे तुला उचलून न्यायचे, आणि तू उड्या मारत जायचीस. मागे वळूनसुद्धा बघायची नाहीस. मला इतका मत्सर वाटायचा तुझ्या बापाचा! शाळेत घातली असती तर मला काय उरलं असतं? म्हणून दुपार मी धरून ठेवली."

"मग? चूक केलीस असं वाटतं?"

"तुला लिहिता-वाचता आलं ना?"

"आलं."

"मग झालं तर. मेथी धू."

मंगळवार, १० मार्च

सकाळी अक्षताला फोन केला. "येते म्हणून कळव" असं म्हटलं नाही. म्हटलं, "तेराला नाव द्यायचंय ना? बाराला संध्याकाळी तुला फोन करते. तोपर्यंत कोणाचंच नाव देऊ नकोस."

"अण्णांना सांगणारेस?"

"सगळं सांगणार आहे. अठ्ठेचाळीससुद्धा. कानाचंसुद्धा."

"कानाचं नको ना, ताई."

"ते नाही सांगितलं तर त्यांना वाटेल, आपल्याला ते नकोसे झालेत. आणि ते खरं नाहीये."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं. "तू यायचं म्हणतेयस का? एवढंच सांग."

मी म्हटलं, "मला यायचंय. का यायचंय ते अजून नीट कळलेलं नाही. त्यातली काही कारणं चांगली नाहीत."

"चालतील गं," ती म्हणाली. "चांगल्या कारणांनी कोण टेनिस खेळतं?"

हसले मी. तिला ऐकू गेलं असावं.

आता कधी, ते ठरवायचं होतं. उद्या नको. उद्या संध्याकाळी मंडळाचे लोक निरोपाच्या समारंभाचं बोलायला येणार आहेत. चारचौघांत अण्णा हसून "उत्तम, उत्तम" म्हणतील आणि आत जाऊन दार लावतील. शुक्रवारी नको. शेवटच्या दिवशी सांगितलं तर त्यांना नाही म्हणायलाही वेळ उरणार नाही, आणि नाही म्हणायचा हक्क त्यांना आहे. कदाचित कान तपासून, यंत्र लावून ते म्हणतील मीच जातो. तसं म्हणाले तर मला तेही ऐकावं लागेल, आणि किल्ल्या परत खिशात ठेवाव्या लागतील.

गुरुवारी कोर्ट बंद असतं. त्या दिवशी खेळणारं कोणी येत नाही. सकाळी माती भिजवायची आणि लोखंडी रोलर फिरवायचा. तो एका माणसाला ओढवत नाही. दोन्ही मुठींना दोन माणसं लागतात, आणि एकाने सोडला की दुसऱ्याला जागेवर थांबावंच लागतं. लहानपणापासून एक मूठ अण्णांची, एक माझी. मी हरले त्या आठवड्यातही गुरुवारी आम्ही दोघांनी एक शब्द न बोलता पूर्ण कोर्ट फिरवलं होतं. ओल्या मातीवर रोलर अर्ध्यात टाकून अण्णा कधी गेलेले नाहीत. मोठा खड्डा पडतो.

तेव्हा परवा. गुरुवार, १२ मार्च, सकाळी सहा वाजता, दुसऱ्या कोर्टावर.